ठासणीच्या रायफलीचे गुळगुळीत नळीत रूपांतर

तोंडाकडून दारू व गोळी ठासून भरावयाच्या रायफलीच्या नळीतील मळसूत्री खाचा कातून काढून ती आतून सपाट व अधिक रुंद करणे, यास गुळगुळीत नळीत रूपांतर करणे असे म्हणतात. अशी रूपांतरित बंदूक रायफल राहत नाही; ती मस्केट किंवा छऱ्यांची बंदूक बनते. शस्त्रविद्येच्या इतिहासात नळीला खाचा पाडण्याची क्रिया प्रगतीची म्हणून सर्वत्र वर्णिली जाते. तिच्या उलट दिशेने जाणारी ही क्रिया मात्र किरकोळ समजून सोडून देण्यात येते. भारतात, विशेषतः १८५७ च्या उठावानंतर, तिला राजकीय अर्थ प्राप्त झाला. कोकण किनाऱ्यावरील कुलाबा जिल्ह्याशी (१९८१ पासून रायगड जिल्हा) तिचा संबंध दोन बाजूंनी आला : तेथून मुंबई लष्करात भरती होणाऱ्या शिपायांच्या हाती कोणते शस्त्र द्यावे या प्रश्नातून, आणि डुकरांपासून भात-नाचणी राखणाऱ्या शेतकऱ्यास कोणती बंदूक बाळगू द्यावी या प्रश्नातून.

गुळगुळीत नळीतून सुटणारी गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडते. शेवटचा स्पर्श ज्या बाजूस होईल त्यावर तिची दिशा ठरत असल्याने १०० मी.च्या पुढे नेमाचा भरवसा उरत नाही. खाचांच्या नळीत गोळीस स्वतःभोवती गती मिळते व ती आपला मार्ग टिकविते. तथापि खाचांत गोळी घट्ट बसली पाहिजे, आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठासणे वेळखाऊ व कष्टाचे असते. म्हणून दीर्घकाळ रायफल शिकाऱ्यांच्या व निवडक नेमबाजांच्या हातीच राहिली. बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी प्रचारात आल्यावर ही अडचण दूर झाली. अशी गोळी सैलपणे आत सरकते आणि बार उडताच तिचे बूड फुगून खाचांत रुतते. ब्रिटिश सैन्याची १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल याच तत्त्वावर आधारलेली होती. तिच्या नळीचा अंतर्व्यास ०·५७७ इंच (१४·७ मिमी.) व लांबी ३९ इंच (सु. ९९ सेंमी.) असून तीत तीन खाचा होत्या. त्यांचा पीळ ७८ इंचांत एक फेरा असा असल्याने नळीच्या संपूर्ण लांबीत गोळीस केवळ अर्धा फेरा मिळे, परंतु ५३० ग्रेनच्या (सु. ३४ ग्रॅ.) गोळीस तेवढा पुरेसा होता. नळीवर मागील बाजूस शिडीसारखी उभी करता येणारी शिस्त असून तिच्यावर ९०० यार्डांच्याही पुढील अंतरांच्या खुणा होत्या.

छऱ्यांच्या बाबतीत मात्र हीच रचना अवगुण ठरते. खाचांमुळे छऱ्यांच्या पुंजक्यासही पीळ बसतो, ते बाहेर पडताच कड्यासारखे पसरतात आणि मधोमध, म्हणजे जेथे सावज असावयाचे तेथेच, पोकळी राहते. त्यामुळे पाखरे किंवा लहान जनावरे मारण्यास रायफल निरुपयोगी ठरते. याशिवाय काळ्या दारूची राख ओल शोषून घेते. नळी त्याच दिवशी पाण्याने धुऊन तेल लावून ठेवली नाही, तर गंज प्रथम खाचांच्या कडा खातो. खाचा झिजलेल्या रायफलीस दोनच मार्ग उरतात : खाचा पुन्हा खोल करणे किंवा त्या समूळ काढून टाकणे. दुसरा मार्ग स्वस्त असून त्यास कमी कौशल्य लागते. अमेरिकेत यादवी युद्धानंतर (१८६१–६५) सैन्याने विकावयास काढलेल्या हजारो रायफली याच रीतीने सपाट करून शेतकऱ्यांना छऱ्यांच्या बंदुका म्हणून स्वस्तात विकण्यात आल्या.

जुन्या कारागिरांची पद्धत साधी होती. नळीच्या बुडाचा आट्यांचा खिळा काढून ती दोन्ही टोकांस मोकळी करीत व तीतून लांब दांडीच्या टोकास बसविलेले चौकोनी पोलादी कातणे फिरवीत. कातण्याच्या एका बाजूस लाकडाची पट्टी असे. पट्टीखाली कागदाचा एकेक तुकडा सरकवीत गेले, की कातण्याची धार किंचित पुढे येई व नळी प्रत्येक फेरीस केसभर रुंद होई. खाचांचा तळ दिसेनासा झाला, की तेल व कुरुंदाच्या पुडीने आतील अंग घोटून काढीत. धोका कातण्यापेक्षा कातल्यानंतर उरणाऱ्या लोखंडाचा असे. नळी तोंडाकडे निमुळती असल्याने तेथील भिंत आधीच पातळ असते. ती आणखी पातळ झाली, तर नळीस पोक येतो, ती वाकते किंवा फुटते. म्हणून युरोपात अशी नळी जादा दारूचा बार भरून पारखल्याखेरीज विकू देत नसत.

हिंदुस्थानात एन्फील्ड रायफल आली ती अपशकुनीच ठरली. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळील डमडम येथे, तसेच अंबाला व सियालकोट येथे, तिच्या वापराचे शिक्षण सुरू झाले. तिच्या काडतुसाच्या कागदास गाय व डुक्कर यांची चरबी लावलेली असल्याची वार्ता शिपायांत पसरली. काडतूस दातांऐवजी हातांनी फाडण्याची मुभा नंतर देण्यात आली. पण तोवर विश्वास उडाला होता. बराकपूर (२९ मार्च) व मीरत (१० मे) येथील घटना सर्वश्रुत आहेत. मुंबई इलाख्याचे लष्कर बव्हंशी शांत राहिले. त्यास मोठा अपवाद कोल्हापूरच्या २७ व्या पलटणीचा. तिने ३१ जुलै १८५७ रोजी उठाव केला. मुंबईतही कट उघडकीस येऊन १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेड मैदानावर सय्यद हुसेन व मंगल गाडिया या दोघांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. म्हणजे ज्या रायफलीच्या काडतुसापायी हे सर्व घडले, ती त्या वेळी फार थोड्या शिपायांच्या हाती होती. बहुसंख्य पलटणी जुन्या गुळगुळीत नळीच्या मस्केटांनीच लढल्या आणि दिल्ली-लखनौच्या लढायांत एन्फील्डचा लाभ प्रामुख्याने गोऱ्या पलटणींना मिळाला.

हा लाभ पुढे शिपायांच्या हाती जाऊ द्यावयाचा नाही, असे उठावानंतर ठरले. पील आयोगाने आपल्या १८५९ च्या अहवालात बंगालमध्ये एका गोऱ्या सैनिकामागे दोन व मद्रास-मुंबई येथे तीन देशी सैनिक असे प्रमाण सुचविले आणि तोफखाना गोऱ्यांच्याच ताब्यात असावा अशी शिफारस केली. शस्त्रांच्या बाबतीत याच विचाराचे दृश्य रूप म्हणजे देशी पायदळासाठी काढलेले १८५८ च्या नमुन्याचे मस्केट होय. बाह्यतः ते एन्फील्डच होते. तोच दस्ता, तेच टोपीवर आघात करणारे कळयंत्र, तीच संगीन, परंतु नळीतील खाचा कातून तिचा व्यास ०·६५६ इंच (१६·७ मिमी.) करण्यात आला होता. म्हणजे भोवतालच्या भिंतीतून सर्व बाजूंनी सु. १ मिमी. लोखंड काढले गेले. मागील शिडीची शिस्तही काढून तिच्या जागी एक स्थिर खाच बसविण्यात आली.

हा बदल काटकसरीसाठी किंवा जवळून छरे झाडण्याच्या सोयीसाठी झाला, असे समर्थन करता येण्यासारखे आहे व ते अगदीच निराधार नाही. जमाव पांगविण्यास, पहाऱ्यास किंवा रात्रीच्या चकमकीस गुळगुळीत नळी पुरते. परंतु पुढील इतिहास या समर्थनास पोषक नाही. कातलेल्या नळ्या इतक्या पातळ झाल्या, की त्यांस पोचे पडू लागले व त्या वाकू लागल्या. म्हणून लगेच १८५९ चा नमुना काढून जाड भिंतीच्या नव्या गुळगुळीत नळ्या मुद्दाम तयार कराव्या लागल्या. काटकसर हाच हेतू असता, तर खाचांची तयार नळी टाकून सपाट नळी नव्याने घडविण्याचे कारण नव्हते. शिस्तीचा मुद्दा तर याहून बोलका आहे. शिडी काढल्याने खर्च वाचत नाही की छरे अधिक चांगले उडत नाहीत. लांबवर नेम धरण्याचे साधन मात्र नाहीसे होते. ज्या दोन दशकांत फ्रान्स व अमेरिका यांच्या शस्त्रागारांत जुन्या गुळगुळीत मस्केटांना खाचा पाडण्याचे काम चालू होते, त्याच सुमारास हिंदुस्थानसाठी हे उलट रूपांतर झाले, ही गोष्ट लक्षात घेता अविश्वास हेच त्याचे मुख्य कारण मानावे लागते. सर्वच देशी पलटणींना सरसकट एकच वागणूक मिळाली असे मात्र नाही. विश्वासू समजल्या गेलेल्या काही पलटणींकडे, उदा., गुरख्यांकडे, रायफली राहिल्या.

कुलाबा किनाऱ्याचा या धोरणाशी संबंध भरतीमुळे आला. आंग्र्यांचे संस्थान दुसऱ्या कान्होजीच्या अल्पवयातील मृत्यूनंतर १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केले व पुढे १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. आंग्र्यांच्या आरमारावर व किल्ल्यांवर पोट असलेल्या घराण्यांना शिपाईगिरीचा मार्ग आता मुंबई लष्कराकडेच जात होता. कोकणातील मराठे व महार हे या लष्कराच्या पायदळाचे आणि मरीन बटालियनचे मोठे आधार होते. महाडजवळील रावढूळ येथील गोपाळबाबा वलंगकर हे अशांपैकीच एक. सु. १८८६ मध्ये ते हवालदार म्हणून निवृत्त झाले व पुढे महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्ध त्यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. उठावानंतरच्या पिढीतील अशा शिपायाची नोकरी नेमकी शस्त्रांच्या या उतरंडीत गेली. इंग्लंडमध्ये १८६६ पासून त्याच एन्फील्ड रायफलींचे बूड कापून त्यांस मागून काडतूस भरावयाची स्नायडर यंत्रणा बसविण्यात येऊ लागली. एकाच मूळ शस्त्राचे एकीकडे असे पुढचे व दुसरीकडे मागचे रूपांतर चालले होते. स्नायडर देशी पलटणींकडे आली, ती गोऱ्या पलटणी मार्टिनी-हेन्रीकडे वळल्यावर. अफगाणिस्तानातील मैवंदच्या लढाईत (२७ जुलै १८८०) ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या, तर तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मुंबईच्या पहिल्या ग्रेनेडियर व ३० व्या जेकब्ज रायफल्स या पलटणींकडे स्नायडर होत्या. एक पिढी मागे ठेवण्याचा हा दंडक पहिल्या महायुद्धापूर्वीपर्यंत कमीअधिक प्रमाणात चालू राहिला.

नळी कातण्याची कल्पनाही त्यानंतर लोपली नाही. विसाव्या शतकात बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ०·३०३ इंचाच्या ली-एन्फील्ड रायफली कातून ०·४१० इंचाच्या गुळगुळीत मस्केटी करण्यात आल्या. त्यांच्या काडतूसपेटीत लाकडी ठोकळा बसवून त्या एकबारी केलेल्या असत. पोलीस, तुरुंगांचे पहारेकरी व राखणदार यांच्यासाठी त्या होत्या. स्वातंत्र्यानंतरही अनेक राज्यांच्या पोलिसांकडे त्या दीर्घकाळ राहिल्या. काडतूसही मुद्दाम वेगळे, म्हणजे मस्केट कोणी पळविली तरी सैन्याचा दारूगोळा तीत चालू नये. हाच विचार शिकाऱ्यांच्या बाबतीत उलटा लावून ०·४५० इंचाच्या रायफलींवर हिंदुस्थानात बंदी घालण्यात आली. चोरीस गेलेल्या मार्टिनी-हेन्रींना त्यांची काडतुसे मिळू नयेत हा हेतू होता. त्या बंदीमुळे इंग्लंडच्या बंदूककारांना थोड्या वेगळ्या मापाच्या शिकारी रायफलींची एक मालिकाच काढावी लागली.

शिपायाप्रमाणे रयतेच्याही शस्त्रांवर या काळात बंधने आली. १८५७ चा २८ वा, १८६० चा ३१ वा आणि लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील १८७८ चा ११ वा अधिनियम हे त्याचे टप्पे होत. शेवटच्या अधिनियमाने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे, बनविणे, विकणे व समुद्रमार्गे आणणे हे गुन्हे ठरविले; यूरोपियन व अँग्लो-इंडियन मात्र नियमांनुसार त्यातून मोकळे होते. त्यामुळे राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध वारंवार ठराव केले. सर्व देशी प्रजेस समान वागणूक होती असेही नाही : कूर्गच्या कोडवांना १८६१ पासूनच शस्त्रबंदीतून सूट होती. कोकणास तशी सूट कधीच मिळाली नाही. रेवदंड्याच्या खाडीपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत पसरलेले सिद्दीचे जंजिरा संस्थान ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर असल्याने हा अधिनियम औपचारिक दृष्ट्या तेथे लागू नव्हता. एकाच किनाऱ्यावर खाडी ओलांडली की कायदा बदले.

अधिनियमाच्या दुसऱ्याच वर्षी पनवेलजवळील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके (१८४५–८३) यांनी बंड उभारले. ते पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरीस होते. त्यांच्या रामोशी व इतर साथीदारांच्या एका तुकडीने मे १८७९ मध्ये पनवेल भागातील पळस्पे व चिखले येथे छापे घातले. या बंडाच्या अपयशाची कारणे अनेक आहेत. परंतु मागून काडतुसे भरावयाच्या रायफली घेतलेल्या पाठलागकर्त्यांपुढे तलवारी व मोजक्या ठासणीच्या बंदुका किती टिकणार होत्या, हा विचार त्यांत गौण नाही. शस्त्रांतील अंतर राखण्याचे धोरण कोणत्या प्रसंगासाठी आखले होते, ते येथे प्रत्यक्ष दिसले.

शेतकऱ्याची गरज निराळी होती. रायगडच्या किनारपट्टीत वर्षास सु. २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, खाडीकाठी खारी जमीन व तिच्यामागे लगेच डोंगरउतार अशी रचना आहे. डोंगराकडील वरकस जमिनीत नाचणी-वरी, खाचरांत भात आणि भातानंतर वाल ही पिके घेतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत खाचर उलथून टाकतो. त्यास पांगविण्यास ठासणीची बंदूक सोयीची, कारण तीस बाजारची काडतुसे लागत नाहीत. दारू, टोपी व छरे एवढ्यावर ती चालते. बहुतेक वेळा माळ्यावर बसलेला राखणदार नुसता बार काढतो. आवाजानेच काम होते. नेम लागलाच पाहिजे असे नसल्याने, आणि नेम ३०–३५ मी.च्या आतच धरावयाचा असल्याने, खाचांचा येथे काही उपयोग नाही. उलट खाऱ्या दमट हवेत त्यांची निगा राखणे कठीण. तेव्हा शिपायाच्या बाबतीत जी क्रिया शस्त्र दुबळे करण्यासाठी होती, तीच शेतकऱ्याच्या बाबतीत ते कामास येण्याजोगे करणारी ठरते. एन्फील्डचा मूळ व्यास छऱ्यांच्या बंदुकीच्या मापाने २४ बोराएवढा, तर कातलेल्या मस्केटीचा जवळजवळ १६ बोराएवढा होतो, आणि १६ बोर हे छऱ्यांच्या बंदुकीचे एक रूढ माप आहे, हाही एक योगायोग.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने (१ ऑक्टोबर १९६२ पासून लागू) वांशिक भेद नाहीसे केले; परंतु रायफल व गुळगुळीत नळी यांतील कायद्याची सीमारेषा कायम ठेवली. या अधिनियमाच्या १३ व्या कलमानुसार संरक्षण किंवा क्रीडा यांसाठी २० इंचांहून (सु. ५१ सेंमी.) आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना, अपात्रतेचे कारण नसल्यास, नागरिकास द्यावयाचा असतो. रायफलीसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. ठासणीची बंदूक पिकांच्या राखणीस अपुरी असल्याचे पटल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याची मुभा त्याच कलमात आहे. पाचव्या कलमाने शस्त्राचे रूपांतर व दुरुस्ती ही कामे परवानाधारकांपुरती मर्यादित केली आहेत. म्हणून वारशाने आलेली जुनी रायफल गावच्या लोहाराकडून कातून घेणे हा आज गुन्हा ठरतो. पिकांच्या राखणीच्या परवान्याने शिकारीचा अधिकारही मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर डुक्कर मारण्यासही वनखात्याची वेगळी अनुमती लागते.

संग्रहालयांतील किंवा जुन्या घरांतील अशा बंदुका ओळखताना कळयंत्रावरील मुकुट, ‘टॉवर’ हे अक्षर व सन यांवर विसंबून चालत नाही. कळयंत्र मूळ रायफलीचे असू शकते आणि नळी नंतर कातलेली वा बदललेली असू शकते. तोंडाशी अंतर्व्यास मोजावा, भिंतीची जाडी पाहावी व मागील शिस्तीची जागा तपासावी. शिडी काढून स्थिर खाच बसविलेली असेल आणि व्यास १६·७ मिमी.च्या आसपास भरत असेल, तर ती उठावानंतरच्या देशी पायदळाची मस्केट असण्याचा संभव मोठा. भिंत पातळ असल्यास ती कातलेली, जाड असल्यास सपाटच घडविलेली समजावी. तिच्या नळीत दारू भरून पाहण्याचा मोह मात्र टाळावा.

परवान्याच्या बंदुकांस आणखी एका प्रसंगी घर सोडावे लागते. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात त्या पोलीस ठाण्यात जमा करून घेण्याची पद्धत आहे. महाराष्ट्र विधानसभेच्या २००९, २०१४ व २०१९ च्या निवडणुका ऑक्टोबरमध्ये झाल्या आणि कोकणात भात पिकून कापणीस येते तेही ऑक्टोबरमध्येच. त्या आठवड्यांत राखणदारास डबे वाजवून, फटाके लावून व आगट्या पेटवून रात्र काढावी लागते. तशी तक्रार कोकणातील शेतकरी दर निवडणुकीस करतात.